महाबळेश्वरानं प्यायलेलं पाणी

आमची आजी माणदेशातली, दहिवडीकडची. बाहत्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की ती हमखास म्हणायची, "म्हाबळेश्वरानं आपल्या वाटचं पानी पिऊन टाकलं." आणि मग हळूच, "त्या साली गावाचंच कायतरी चुकलं आसंल."

पहिल्या वाक्यात आजी भूगोलच सांगत होती, हे मला शाळेत 'पर्जन्यछायेचा प्रदेश' शिकताना कळलं. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि बरंचसं पाणी तिथेच ओततात. घाटापलीकडे उतरताना तीच हवा तापते, कोरडी होते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तिथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या दहिवडीला पाचशेच्या आसपास.

पण सह्याद्री तर दरवर्षी तिथेच उभा असतो. मग १९७२ सालीच आजीला खडी फोडायला का जावं लागलं?

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' आहे. त्याच्यासमोरून मी कित्येक वर्षं ये-जा केली, पण पुण्यात सिमला कुठून आलं हा प्रश्न काही कधी पडला नाही. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं, म्हणून हे नाव. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव राहिलं. खात्याची स्थापना १८७५ सालची, आणि लगेच १८७६ ला दख्खनमध्ये पाऊस रुसला. त्या दुष्काळात लाखो माणसं गेली.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती खात्याचा प्रमुख झाला. पाऊस दगा का देतो, हे शोधायला त्याने जगभरच्या वेधशाळांचे आकडे जमवले आणि वर्षानुवर्षं आकडेमोड केली. त्यातून दिसलं ते असं : पॅसिफिकवर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर तो सहसा उतरतो, आणि उलटही. अगदी सी-सॉसारखं! पॅसिफिकमधलं पाणी तापणं, म्हणजे एल निनो, आणि हा सी-सॉ यांची सांगड घातली ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने, १९६९ साली. १८७७ आणि १९७२, दोन्ही साली एल निनो जोरात होता. अर्थात हे गणित दरवेळी जमत नाही. १९९७ ला एल निनो प्रचंड होता, तरी आपल्याकडे पाऊस ठीकठाक झाला.

म्हणजे माणदेशात पाऊस मुळातच कमी, तो सह्याद्रीमुळे. आणि तोही एखाद्या साली दगा देतो, त्याची दोरी कधीकधी हजारो मैलांवरच्या समुद्रात असते.

पण पाऊस नसला म्हणजे माणसं मेलीच पाहिजेत, असं नाही. १८७६ ला मेली. १९७२ ला दुष्काळी कामं निघाली, सुकडी मिळाली, मिलो मिळाली. त्या लाल मिलोला आजी शेवटपर्यंत नावं ठेवायची, पण तिच्यावरच घर तगलं. त्याच अनुभवातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला.

हे सगळं मी वाचलं तोवर आजी गेली होती. नाहीतर तिला एवढंच सांगितलं असतं, की आजी, गावाचं काही चुकलं नव्हतं गं.