लमस्सीचे कापड

इतिहासाच्या पुस्तकांत अ‍ॅसिरियन लोकांच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात: लोखंडी शस्त्रे, किल्ल्यांना वेढे, शत्रूची कातडी सोलणारे राजे. त्या ओळी खोट्या नाहीत. दुसऱ्या अशुरनसिरपालाने आपले क्रौर्य स्वतःच अभिमानाने लेखांत कोरून ठेवले आहे. पण तो राजा इ.स.पू. नवव्या शतकातला. त्याच्या हजार वर्षे आधी हीच माणसे गाढवांचे तांडे हाकत व्यापार करत होती, आणि त्यांची ओळख तिथून करून घ्यावी असे माझे ठाम मत आहे.

तैग्रिसच्या काठावर, आजच्या उत्तर इराकमध्ये, त्यांचे अश्शूर नावाचे शहर होते. इ.स.पू. १९०० च्या सुमारास तिथला प्रमुख स्वतःला राजा म्हणवत नसे. शहराचा राजा म्हणजे अश्शूर देव, आणि आपण त्याचे कारभारी, अशी त्याची भूमिका. मोठे निवाडे नगरसभेत होत. शहराजवळ ना खाणी, ना फार सुपीक जमीन. कथील पूर्वेकडून यायचे. लोकरीचे कापड काही बाबिलोनियातून यायचे, तर काही अश्शूरच्या घराघरांत विणले जायचे. हा माल घेऊन व्यापारी अनातोलियातल्या कानेशला जायचे. अंतर हजार किलोमीटरच्या वर, वाट साधारण सहा आठवड्यांची. एका गाढवावर प्रत्येकी ६५ मिनांचे (मिना म्हणजे सुमारे अर्धा किलो) कथलाचे दोन गठ्ठे, मिळून पासष्ट किलोंच्या आसपास. वाटेतल्या जकातीसाठी थोडे सुटे कथील वेगळे. परतताना चांदी आणि सोने. तांब्यात मिसळायला कथील मिळाले नाही तर कांसे होत नाही, म्हणून अनातोलियात या मालाला भाव होता.

कानेश म्हणजे तुर्कस्तानातल्या कायसेरीजवळचे कुलतेपे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथल्या मातीच्या पाट्या बाजारात विकायला येत होत्या, पण नेमक्या कुठून ते कळत नव्हते. सगळे कुलतेपेची टेकडी खणत होते. १९२५ साली झेक विद्वान बेद्रिख ह्रोझनी यांना उमगले की पाट्या टेकडीवर नाहीत, खालच्या शेतात आहेत. तिथेच व्यापाऱ्यांची वस्ती होती. १९४८ पासून तहसीन ओझग्युच यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन सुरू केले. आजवर सुमारे २३ हजार पाट्या मिळाल्या आहेत. पत्रे, कर्जरोखे, भागीदारीचे करार, कज्जे. पत्र लिहून झाले की त्यावर मातीचेच पाकीट चढवायचे आणि पाकिटावर मुद्रा उमटवायची. पुढे वस्ती जळाली, कागद असता तर राख झाली असती, माती टिकली.

या पाट्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती लमस्सी. तिचा नवरा पुशू-केन कानेशला बडा व्यापारी, आणि ही अश्शूरला घर चालवणारी. घरातल्या बायकांना हाताशी धरून ती कापड विणून घेते, तांड्याबरोबर पाठवते आणि त्याची चांदी येण्याची वाट पाहते. कापड चांगले नाही, अशी कुरकूर नवऱ्याने केली की ती त्याला खरमरीत उत्तर देते. शालिम-अहूमने तुम्ही गेल्यापासून दोनदा घर बांधले, आपले कधी होणार, असे विचारते. मुलगी मोठी झाली आहे, या आणि तिला अश्शूर देवाच्या पदरात घाला, असे कळवते. दुसरी एक तराम-कूबी. तिच्या नवऱ्याने, इन्नायाने, जाताना घरातली चांदी उचलून नेली. शहरात उपासमार, घरात जवाचा दाणा नाही, आणि वर नवराच उधळपट्टीचा ठपका ठेवतो. तिचे पत्र वाचताना आजही राग येतो.

एक पत्र तर मी अनेकांना वाचून दाखवले आहे. पुझुर-अश्शूर नावाचा व्यापारी वक्कुर्तुम नावाच्या बाईला सांगतो की कापडाची एकच बाजू विंचरा, वीण घट्ट ठेवा, मागच्यापेक्षा प्रत्येक नगाला एक मिना लोकर जास्त घाला, पण कापड पातळच राहू द्या. तयार कापड नऊ हात लांब आणि आठ हात रुंद हवे. माझे बालपण इचलकरंजीत मागाच्या खडखडाटात गेले. वडिलांकडे व्यापाऱ्याची मागणी यायची तिच्यात हेच असायचे: लांबी, पन्हा, सुताचा नंबर, वीण. लोकर वाढवा पण जाडी वाढू देऊ नका, हे सांगणे किती सोपे आणि विणणे किती अवघड, हे मागावर बसलेल्यालाच कळते. त्या कामात दासींचे हात होते, आणि पत्रांत त्यांचे नाव क्वचितच येते. ही खंत मनात राहतेच.

कानेशचा राजवाडा कापडावर पाच टक्के कर घ्यायचा, म्हणून चोरट्या वाटाही होत्या. खुद्द पुशू-केन चोरट्या मालापायी तुरुंगात गेला, हेही पत्रांत आहे. माणसे होती, संत नव्हती.

पुढचा साम्राज्याचा काळ सर्वांना ठाऊक आहे. राजा अशुरबनिपालाचे निनेवे या राजधानीतले ग्रंथालय त्यातलेच. इ.स.पू. ६१४ मध्ये अश्शूर पडले, ६१२ मध्ये निनेवे. पुस्तके इथे प्रकरण संपवतात, ते चूक आहे. पार्थियन राजवटीत, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, अश्शूर शहर पुन्हा नांदत होते, तिथे अश्शूर देवाचे मंदिर होते, आणि अरामी लेखांतली माणसे त्याच देवाचे नाव आपल्या नावात वागवत होती. पुढे हे लोक ख्रिस्ती झाले. त्यांच्या घरांत आजही अरामीतून आलेली बोली ऐकू येते, आणि १ एप्रिलला ते अकितू, म्हणजे नववर्ष, साजरे करतात. १९१५ मध्ये ऑटोमन मुलुखात त्यांची कत्तल झाली, १९३३ च्या ऑगस्टमध्ये इराकमध्ये सिमेले इथे पुन्हा. २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटने मोसूल आणि निनेवेच्या मैदानातून त्यांना हुसकावले, २०१५ मध्ये निमरूद इथला अशुरनसिरपालाचा राजवाडा सुरुंगांनी उडवला. आज स्वीडनपासून शिकागोपर्यंत ही कुटुंबे विखुरली आहेत.

निमरूदच्या राजवाड्यातले शिल्पपट मुंबईतही आहेत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. एकोणिसाव्या शतकात उत्खननातल्या वस्तू बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जात. ते शिल्पपट पाहायला जरूर जा, मुलांनाही न्या. राजाची गोष्ट भिंतीवर आहेच. लमस्सीची तुम्ही सांगा.