गहू, दूध आणि स्वमग्नता : एका गृहीतकाचा इतिहास

१/ “पोळी आणि दूध बंद करा, मूल सुधारेल.” स्वमग्न मुलाच्या आईवडिलांच्या कानी हा सल्ला कधी ना कधी पडतोच. तो आला कोठून?

२/ १९४३ साली बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि स्वमग्नतेला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळाले. त्यांतील अनेक मुलांना तान्हेपणी खाण्याच्या तक्रारी होत्या, हेही त्यांनी नोंदवले.

३/ गव्हावरचा संशय मात्र वेगळ्या आजारातून आला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला आणि सिलिअॅक या आतड्यांच्या विकाराची मुले सुधारू लागली. पाव परतताच विकारही परतला. विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात गव्हाचा दोष दाखवून दिला.

४/ १९७९ साली याक पँक्सेप यांनी स्वमग्नतेमागे मेंदूतील अफूसदृश रसायनांचा अतिरेक असावा, असे सुचवले. नॉर्वेच्या कार्ल राइकेल्ट यांनी त्याला अन्नाची जोड दिली : गव्हातील ग्लुटेन व दुधातील केसीन अर्धवट पचून तसेच घटक रक्तात उतरत असावेत.

५/ मग कसोटी आली. रॉचेस्टर विद्यापीठात गहू-दूध वर्ज्य केलेल्या १४ मुलांना, कोणालाही कळू न देता, कधी हे घटक असलेला तर कधी नसलेला खाऊ दिला गेला. २०१६ च्या अहवालानुसार वागणुकीत लक्षणीय फरक आढळला नाही. अभ्यास लहान होता. पण आशेला पुरावा मिळाला नाही.

६/ छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात या कथेला आणखी एक पदर आहे. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतेच. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी मिलो आली. पुढे रेशनच्या गव्हाने पोळी रोजची झाली. त्याआधीच्या पिढ्या भाकरीवरच वाढल्या. म्हणून त्यांच्यात स्वमग्नता नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. तेव्हा निदान करणारेच विरळा होते.

७/ धोका येथेच आहे. अनेक स्वमग्न मुले मोजकेच पदार्थ खातात. त्यांतून दूध-दही काढले, तर कॅल्शियम व प्रथिने कमी पडतात. गहू आधीच सोडला, तर सिलिअॅकची रक्ततपासणी फसवी ठरू शकते. उलट बद्धकोष्ठता किंवा पोटदुखी ओळखून उपचार केले, तर दुखणे सांगू न शकणाऱ्या मुलाची चिडचिड खरोखर कमी होऊ शकते.

८/ डिके यांचा गहू दोषी ठरला, कारण पाव परतताच आजार परतला. स्वमग्नतेच्या बाबतीत ती खूण अद्याप सापडलेली नाही. भाकरी मुलाला आवडत असेल तर अवश्य द्यावी, ती उत्तम अन्न आहे. औषध म्हणून तिच्यावर भार टाकू नये.