मिरसांग, रवा आणि तळलेला बांगडा

परवा रविवारी मुंबईच्या घरी बांगडे तळायला घेतले. धुऊन, दोन्ही अंगांना चिरा पाडून, मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवले. मग आलं-लसूण आणि लाल तिखट. शेवटी रव्यात घोळवताना मात्र हात थांबला. मालवणच्या घरी आजी रवा कधी लावत नसे. कोणी लावलाच तर विचारायची, "रवो कित्याक व्हयो? मासो शिळो आसा काय?" ती लावायची तांदळाचं पीठ, तेही नावाला.

म्हणजे मी करतो ते 'अस्सल मालवणी' नव्हेच की काय?

आता रव्याचंच बघा. गहू काही आमच्या लाल मातीतलं पीक नव्हे. तिथे पिकतो भात, त्यामुळे घरात कायम असायचं ते तांदळाचं पीठ. रवा बाहेरून आलेला. पण त्याचे जाड कण तापलेल्या तेलात कडक होतात आणि मासा कुरकुरीत लागतो. हॉटेलांनी तो उचलला यात नवल नाही.

रवा उपरा, हे कबूल. पण मग तिखटाचं काय? मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, त्यानंतर ती जगभर पसरली. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, आणि त्यांच्याच जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. शिवरायांनी १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, तोवर पोर्तुगीजांना गोव्यात येऊन दीडशे वर्षं झाली होती. त्याआधी आपल्याकडे तिखटपणा यायचा तो मिऱ्याचा आणि आल्याचा.

याची खूण आजीच्याच बोलीत आहे. ती मिरचीला मिरसांग म्हणायची. सांग म्हणजे शेंग. मिरसांग म्हणजे मिऱ्याची शेंग! परकी वस्तू दारात आली तेव्हा आपल्या लोकांनी तिला ओळखीचं नाव देऊन सरळ घरात घेतलं. ज्या आजीला रवा खपत नव्हता, तिच्या हाताला पोर्तुगीजांची मिरची लागलेली होती. हे तिला सांगायला ती आज नाही. सांगितलं असतं तर बहुधा उलथनं दाखवलं असतं.

असो. रव्याचा अपराधीपणा माझ्यापुरता संपला. पण आजीच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग उरतोच, तो माशाच्या ताजेपणाचा. तिचा बांगडा रापणीचा असायचा. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची आणि आलेल्या मासळीचे वाटे करायचे. पुढे ट्रॉलर आले, मग पर्ससीन जाळी आली, आणि रापणीच्या वाट्याला मासळी कमी येऊ लागली. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी भांडण मिटलेलं नाही.

पीठ बदललं, मसाला बदलला, तरी चव आपली राहिली. किनाऱ्यावर ओढलेला तो बांगडा मात्र रव्याने काय, कशानेच भरून निघणार नाही.

रविवारी मी अर्धा रवा, अर्धं तांदळाचं पीठ घेतलं. मध्यम आचेवर, उलथायची घाई न करता तळले. छान कुरकुरीत झाले. पण बांगडे बर्फातले होते. आजीने पहिल्या घासालाच ओळखलं असतं.