बंद खाणी, उघडी वाचनालये

ज्याच्या हातचे काम गेले त्याला आधी काय द्यावे, भाकरी की पुस्तक? 'आधी भाकरी', असे आपण चटकन म्हणतो, आणि ते खोटेही नाही. पण दक्षिण वेल्समधल्या खाणकामगारांना हा प्रश्न इतका सोपा वाटला नाही. त्यांची हकिगत ऐकण्यासारखी आहे.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. तिथल्या दक्षिणेकडच्या अरुंद खोऱ्यांत धंदा मुख्यतः एकच, तो म्हणजे कोळशाचा. १९२० साली तिथल्या खाणींत सुमारे २ लाख ७० हजार माणसे राबत होती. पुढे जहाजे तेलावर चालू लागली, परदेशची गिऱ्हाइके तुटली, १९२६ साली सुमारे सात महिने टाळेबंदी झाली. १९३६ पर्यंत कामगार निम्म्यावर आले. बाकीचे बसले नाक्यानाक्यावर, खिशात हात घालून.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या कामगारांनी आपल्या मजुरीतून पै-पैसा कापून देऊन वाचनालये उभारली होती. १९३४ च्या सुमारास अशी शंभराहून अधिक वाचनालये तिथे होती. खाण बंद पडली तशी वर्गणी आटली, नवी पुस्तके येईनाशी झाली. पण वाचणारे मात्र वाढले! ज्याला दिवस खायला उठतो, तो पुस्तकाकडे वळतो.

१९२७ साली ऱ्हाँडा खोऱ्यातल्या ट्रेआलॉ गावी विल्यम आणि एमा नोबल या क्वेकर पंथाच्या दांपत्याने 'माईस-अर-हाव' नावाचे केंद्र काढले. त्या नावाचा अर्थ 'उन्हाळ्याचे शेत'. तिथे जोडे दुरुस्त करणे, विणकाम, कुंभारकाम शिकवीत. त्याचबरोबर इतिहासाचे, अर्थशास्त्राचे, तत्त्वज्ञानाचेही वर्ग चालत. त्याच वर्षी हार्लेख येथे कामगारांसाठी निवासी महाविद्यालय सुरू झाले.

यावर सगळेच खूश होते असे समजू नका. काही कामगार पुढारी म्हणत, 'ही बेकारांना गप्प बसवण्याची गुंगीची गोळी आहे.' आक्षेप रास्त होता. मडके घडवायला शिकल्याने खाण उघडत नाही. पण माणसे गप्प बसली नाहीत. घरातल्या पोराची कमाई मोजून बापाचा भत्ता कापायचा, असा जाच होता. भत्त्याचे नवे नियम आले, तेव्हा १९३५ च्या फेब्रुवारीत सुमारे तीन लाख लोक त्या खोऱ्यांतून रस्त्यावर उतरले. सरकारला माघार घ्यावी लागली.

ट्रिडीगर गावचा अन्यूरिन बेव्हन तेराव्या वर्षी खाणीत उतरला. लंडनच्या कामगार महाविद्यालयात दोन वर्षे शिकून १९२१ साली परत आला, तो त्याला कुणी काम देईना. बेकारीचे ते दिवस त्याने गावच्या वाचनालयाच्या आधाराने काढले. १९२९ साली तो पार्लमेंटात गेला, आणि आरोग्यमंत्री झाल्यावर ५ जुलै १९४८ रोजी त्याने इंग्लंड आणि वेल्ससाठी मोफत वैद्यकीय सेवा सुरू केली.

प्रत्येक बेकार बेव्हन होत नाही, हे खरे. बहुतेकांना वर्गांतून नोकरी मिळाली नाही. कित्येकांना मुलूख सोडून इंग्लंडात जावे लागले. म्हणून शिक्षण हा कामाला पर्याय आहे, असे कुणी सांगितले तर मानू नये. मात्र काम गेले की माणसाला आपण निरुपयोगी झालो असे वाटू लागते, आणि ते वाटणे उपासापेक्षाही खोल जाते. आपण विचार करू शकतो, चारचौघांत बोलू शकतो, हा भरवसा वर्गात बसून परत मिळतो.

गुरुजनांना एवढेच सांगणे. अशा माणसापुढे पाटी ठेवण्याआधी विचारा, 'बाबा, तुम्हाला काय जाणून घ्यायचे आहे?' वेल्सची वाचनालये टिकली ती एवढ्याचसाठी, की ती कामगारांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या आवडीने उभी केली होती.