मैफलींच्या फिती

खानदेशातील श्रोत्यांस जुन्या दप्तरांचे मोल आम्ही सांगावे असे नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडवून पाहिले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापीत गेले. १९२६ साली ते धुळ्यास निवर्तले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच आहे. आपल्या संगीताच्या इतिहासाची साधनेही अशीच घरोघर पडून आहेत. ती कागदावर नाहीत, तपकिरी फितीच्या रिळांवर आहेत. मैफलीला गेलेल्या रसिकांनीच ती करून ठेवली.

तबकडी असता फितीची गरज का पडली? १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. जो राग तासभर उलगडावयाचा तो तीन मिनिटांत कोंबावा लागे. उस्ताद अल्लादिया खाँ (मृत्यू १९४६) यांनी तर तबकडी दिलीच नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. पण त्यांचा विलंबित ख्याल कसा चढत जाई, हे जाणावयाचे तर खाजगी फितींकडेच वळावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर फितीची यंत्रे सर्वत्र पसरली, आणि हौशी रसिकांनी ती उचलून मैफलीत नेली. सात इंची रिळावर बाराशे फूट फीत मावे. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती बत्तीस मिनिटांत संपे. काटकसरी माणूस वेग निम्मा करी; मग वेळ दुप्पट मिळे, पण तार सप्तकाची धार बोथट होई. रीळ बदलेपर्यंत गाणे थांबत नसे, म्हणून पुष्कळ रागांचा ऐन मध्यच हरवलेला आहे. पुढे देवघेव सुरू झाली. रिळाला रीळ द्यावे, पैसा घेऊ नये, असा रिवाज होता. मात्र नकलेची नक्कल करताना दर खेपेस खरखर वाढे. काही संग्राहक तर रीळ कुलपात ठेवून त्याची नुसती बढाई मारीत. राजवाड्यांना असेच दप्तरधनी भेटले होते!

आता दुरुस्तीविषयी. फितीला बुरशी धरते, डिंक सुटतो; पण खरा घोटाळा वेगाचा असतो. यंत्र मंद चालले असता घेतलेली फीत नीट वेगाने लावली की काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. यावर मोठी मौजेची युक्ती आहे. आपल्याकडील विजेची गुणगुण सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते, आणि ती नकळत फितीवर उतरते. ती बावन्न भरली तर सूर शेकडा चार चढला आहे, असे समजावे. खरखर काढण्याचा अतिरेक मात्र नको. तिच्याबरोबर तंबोराही पुसला जातो, आणि आमच्या मते त्याहून खरखर परवडली.

यात कलावंताची संमती कितपत होती? पुष्कळदा मुळीच नव्हती. बंदिश ही गवयाची मिळकत होती. वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या शिष्यालाच ती मिळे. एका रिळाने ती चव्हाट्यावर येई, आणि बसलेल्या गळ्याची रात्रही कायमची नोंदली जाई. तेव्हा गवयांच्या रागाला केवळ लहरीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. कायद्याने प्रयोगकर्त्याचा हक्क १९९४ साली मान्य केला. त्याची पंचवीस वर्षांची मुदत १९९९ मध्ये पन्नास झाली. अमेरिकेत 'ग्रेटफुल डेड' या रॉक वाद्यवृंदाने १९८४ साली असे मुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखली. आपल्याकडे पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने मैफलींच्या ध्वनिमुद्रणांच्या कॅसेटी काढून पुष्कळ गाणे घरोघर पोहोचविले.

तरी बरीच रिळे निनावी राहिली आहेत. डबीवर रागाचे नाव असते; गाव नसते, साल नसते. तबल्याची थाप ओळखू आली तर काळाचा थोडा अंदाज बांधता येतो. कधी समेवर 'वाहवा' म्हणणाऱ्या श्रोत्याचाच आवाज एखाद्या वृद्धाला ओळखू येतो, आणि कोणाच्या दिवाणखान्यात ती मैफल झाली हे कळते. असे कान असलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत.