तीस मिना आणि तीन हजार काहापण

प्लेटोच्या 'अपॉलॉजी'चे मराठी करताना तत्त्वज्ञानापेक्षा पैशांनीच माझा जास्त वेळ घेतला. दोषी ठरल्यावर सॉक्रेटिसने स्वतःसाठी शिक्षा सुचवायची असते. तो म्हणतो, माझ्या ऐपतीने एक मिना चांदी देईन. मग प्लेटो, क्रिटो वगैरे मित्र जामीन राहायला तयार आहेत म्हणून आकडा तीस मिनांवर जातो. आता हे वाचून मराठी वाचकाला काय वाटायला हवे? हा माणूस थट्टा करतो आहे, की जीव वाचावा एवढी रक्कम खरोखर पुढे करतो आहे? त्या सबंध प्रसंगाचा सूर या एका उत्तरावर ठरतो.

कोष्टक सोपे आहे. सहा ओबोलांचा ड्राख्मा, शंभर ड्राख्मांचा मिना, साठ मिनांचा टॅलेंट. नावे वजनाचीही तीच आणि पैशाचीही तीच. ओबोल म्हणजे मुळात लोखंडी सळई आणि ड्राख्मा म्हणजे मूठभर. मुठीत सहा सळया मावत, असे जुने ग्रीकच सांगत. टॅलेंटचे ग्रीक रूप 'तालान्तोन', आणि ते आपल्या 'तुला'चे, पर्यायाने तोळ्याचे, सख्खे भावंड आहे. अथेन्सच्या मापाने ड्राख्मा सुमारे 4.3 ग्रॅमचा. समोरच्या एजिना बेटावर मात्र तो 6 ग्रॅमच्या वर भरे. म्हणजे कोष्टक सगळीकडे तेच, पण त्याचा पाया गावागणिक वेगळा.

तीस मिना म्हणजे 3000 ड्राख्मा, सुमारे 13 किलो चांदी. पुढे गुणाकार करून 'आजचे अमुक लाख रुपये' अशी तळटीप देणारे अनुवाद मी पाहिले आहेत. चांदीचा भाव रोज हलतो, त्यामुळे अशी टीप छापून होईपर्यंत शिळी होते. पण खरी अडचण दुसरीच आहे. चांदी आणि माणसाचे श्रम यांचे प्रमाण तेव्हा आजच्यासारखे नव्हते. त्यापेक्षा तिथल्याच वस्तूंनी मोजावे. एरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले आहेत. त्यांत कारागिराची रोजची मजुरी एक ड्राख्मा आहे. म्हणजे तीस मिना ही आठ वर्षांहून जास्त काळाची मजुरी, तीही एक दिवस न चुकवता. खटला ऐकायला बसलेल्या सुमारे 500 नागरिकांना दिवसाचे तीन-तीन ओबोल मिळत. तो खर्चच अडीच मिना होतो, आणि सॉक्रेटिस आधी एकच मिना देऊ करतो! याच भाषणात पारोसचा इव्हेनस शिकवण्याचे पाच मिना घेतो असा उल्लेख येतो. झेनोफनच्या लिखाणात सॉक्रेटिस आपल्या घरादारासकट सगळ्या मालमत्तेची किंमत नेमकी पाच मिनाच सांगतो. तेव्हा एक मिना हा त्याच्या संसाराचा पाचवा हिस्सा. ऐकणाऱ्यांना तो टोमणा वाटला असेल, देणाऱ्याला तो परवडणारा नव्हता.

उरला शब्दाचा प्रश्न. ड्राख्माला मराठीत एक वारस आहे: ग्रीक 'ड्राख्मे', संस्कृत 'द्रम्म', प्राकृत 'दम्म', आपला 'दाम'. दमडी आणि छदाम ही त्याचीच पोरे. दामदुप्पट तर कायद्यातही जाऊन बसली. मी राहते ते सेक्टर 67 चंडीगडला लागून, मोहालीत आहे. इथल्या पंजाबीतही 'दमडे' म्हणजे पैसेच. या पंजाबावर एके काळी मिनँडरचे, म्हणजे आपल्या मिलिंदाचे, राज्य होते. त्याची आणि अपोलोडोटसची जुनी ड्राख्मा नाणी भडोचच्या बाजारात अजून चालतात, असे 'पेरिप्लस'चा अनाम लेखक इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवतो. ती अथेन्सच्या वजनाची नव्हती. हिंदी-ग्रीक राजांनी इथे ड्राख्मा जवळपास अडीच ग्रॅमवर आणला होता.

त्याच सुमारास नाशिकचा कारभार क्षत्रप नहपानाच्या हाती होता. त्याची चांदीची नाणी ग्रीक ड्राख्माच्याच घराण्यातली, दोन ग्रॅमच्या जरा वर भरणारी. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे ती तेरा हजारांहून जास्त सापडली. बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. नहपानाच्या नाण्यावरची अक्षरे ग्रीक आहेत, पण भाषा प्राकृत. आपण 'टेबल' नागरीत लिहितो तसेच काहीसे. एवढे असून नाशिकच्या लेण्यांत त्याचा जावई उषवदात पैशाला ड्राख्मा म्हणत नाही, 'काहापण' म्हणतो.

पांडवलेण्यातला 10 क्रमांकाच्या लेण्यातला हा लेख मला अनुवादाचा धडा वाटतो. उषवदात 3000 काहापण कायम ठेव म्हणून देतो. आकडा सॉक्रेटिसचाच, हा निव्वळ योगायोग. चांदी मात्र निम्मीच. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे 1000, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे भोगायचे. 2000 वर वर्षाचे 240 होतात आणि वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा मिळतात. हिशेब पैपर्यंत जुळतो. पुढे देव-ब्राह्मणांना दिलेल्या 70,000 काहापणांचा उल्लेख येतो, तिथे पस्तिसांचा एक सुवर्ण याप्रमाणे 2000 सुवर्ण, असा दरही कोरलेला आहे. रक्कम सांगून लेख थांबत नाही. ती कशाच्या बदल्यात किती आणि तिच्यातून अंगावर किती कापड येते, तेही सांगतो.

हजारएक वर्षांनी, 1150 साली, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त नाव पुन्हा ग्रीक दिसते, पण पोट पूर्ण देशी: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. सहा ओबोलांचा मागमूसही नाही. म्हणून प्लेटोच्या ड्राख्माला सरसकट 'दाम' म्हणणे मला पटत नाही. नातू आजोबांसारखा दिसतो, म्हणून त्याला आजोबांच्या खुर्चीत बसवायचे नाही.

'तीस मिना' मी तसेच ठेवले. रुपये कुठेही नाहीत. पहिल्या आकड्याला एकच टीप आहे: कारागिराची शंभर दिवसांची मजुरी म्हणजे एक मिना. बाकीचे गणित वाचक करतो. 'दाम' एकाच जागी येऊ दिला. अॅनाक्सागोरसची मते तरुणांना माझ्याकडून कशाला शिकायला हवीत, असे सॉक्रेटिस विचारतो. ती तर फार तर एका ड्राख्माला बाजारात मिळतात. तिथे मी लिहिले, 'ड्राख्माभर दाम मोजून'.