प्रश्नयुक्त व्हिडिओ व्याख्यान

ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान ठरावीक जागी थांबवून विद्यार्थ्याला प्रश्न विचारणारी आणि उत्तरानंतरच विषय पुढे नेणारी अध्यापनपद्धती. प्रश्न बहुपर्यायी, रिकाम्या जागेचा, लघुत्तरी किंवा वहीत दोन ओळी लिहायला लावणाराही असू शकतो. प्रकरण संपल्यावरच्या चाचणीत शिकवून झालेले तपासले जाते. येथे मात्र प्रश्न शिकवण्याचाच भाग असतो, म्हणून त्याला गुण द्यायचे की नाही ही बाब गौण ठरते.

या कल्पनेचे मूळ व्हिडिओपेक्षा जुने आहे. मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२०च्या दशकात आणि बी. एफ. स्किनर यांनी १९५४च्या सुमारास अध्यापनयंत्रे मांडली. आशयाचे लहान तुकडे, प्रत्येकावर प्रश्न आणि उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळणे, ही स्किनर यांची रीत अध्यापक विद्यालयांत ‘क्रमान्वित अध्ययन’ म्हणून शिकवली जाते. २०१२पासून कोर्सेरासारख्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचांनी व्याख्यानातच प्रश्न बसवले. २०१३ साली नॉर्वेत सुरू झालेल्या एचफाइव्हपी या मुक्त साधनामुळे साध्या महाविद्यालयीन शिक्षकालाही तसा व्हिडिओ तयार करता येऊ लागला.

पद्धतीचा उपयोग लक्ष टिकण्याशी जोडला जातो. श्पुनार, खान आणि शॅक्टर यांच्या २०१३च्या प्रयोगात संख्याशास्त्राचे सुमारे २१ मिनिटांचे व्याख्यान चार भागांत दाखवले गेले. प्रत्येक भागानंतर प्रश्न सोडवणाऱ्यांचे मन भरकटण्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास निम्मे भरले. त्यांनी टिपणेही अधिक घेतली. विचारले जाणार हे ठाऊक असलेला विद्यार्थी ऐकतोच वेगळे. लांबीबाबतचा पुरावा २०१४चा आहे: एडएक्स मंचावरील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या पाहणीत सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ सर्वाधिक टिकून पाहिले गेल्याचे दिसले.

प्रश्न कुठे आणि कसा विचारावा, यावर सारे अवलंबून असते. मराठवाड्यातील जालन्याच्या बियाणे उद्योगाचे उदाहरण घेता येईल (महिको ही कंपनी येथे १९६४ साली स्थापन झाली). संकरित वाणाच्या पाठात पहिल्या पिढीची झाडे एकसारखी असतात एवढे सांगून व्हिडिओ थांबतो आणि विचारतो: या कपाशीची सरकी राखून पुढच्या हंगामात पेरली, तर काय होईल? पर्याय तीन: सगळी झाडे तशीच येतील; बी उगवणारच नाही; बी उगवेल, पण झाडे एकसारखी नसतील. दुसरा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो, कारण संकरित बी म्हणजे वांझ बी हा समज गावोगाव आढळतो. तो निवडणाऱ्याला ‘चूक’ एवढेच न सांगता दुसऱ्या पिढीत गुणधर्म वेगळे होऊन विखुरतात, हा पुढचा भाग त्याच्याच उत्तरापासून सुरू करता येतो. याउलट ‘महिकोची स्थापना कधी झाली’ असा प्रश्न व्हिडिओ थांबवतो खरा, पण विचार सुरू करत नाही. बाजारात मिळणाऱ्या तयार पाठांत असेच प्रश्न फार.

महाराष्ट्रात या पद्धतीचा सर्वांत विचारपूर्वक विकास मुंबईच्या आयआयटीत झाला. तेथील शैक्षणिक तंत्रज्ञान विभागातील सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर, समीर सहस्रबुद्धे आणि जयकृष्णन एम. वारिएम यांनी विद्यार्थिकेंद्री ऑनलाइन अभ्यासक्रमाचा जो नमुना मांडला, त्यात व्याख्यानाला ‘अध्ययन-संवाद’ मानले आहे. या संवादात ‘चिंतन-थांबे’ असतात: शिक्षक प्रश्न विचारतो, व्हिडिओ थांबवून उत्तर लिहायला सांगतो आणि पुढे संभाव्य उत्तरांची चर्चा करतो. अशा थांब्याला खास सॉफ्टवेअर लागत नाही. एकदा उतरवून घेतलेला व्हिडिओ इंटरनेटशिवायही तसाच चालतो.

जालना जिल्ह्यासारख्या ठिकाणी हा गुण मोलाचा आहे. १ मे १९८१ रोजी मुख्यतः तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. अनेक घरांत फोन एकच, तोही दिवसभर पालकांजवळ. ऊसतोडीच्या हंगामात जिल्ह्यातून स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांची शाळाच तुटते. मंचावर लॉगिन करून, नेटवर्क धरून उत्तर नोंदवण्याची अट अशा मुलांना पहिल्याच प्रश्नाला बाहेर काढते.

२०२०च्या टाळेबंदीत राज्यात योजलेले उपाय या दृष्टीने बोलके आहेत. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ मालिका मुलांना कृती सुचवी, पण दूरचित्रवाणी कुणासाठी थांबत नाही. त्याच वर्षी आलेल्या ‘स्वाध्याय’ उपक्रमात व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला प्रश्न येत. तेथे प्रश्न होते, पण ते व्याख्यानापासून सुटे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड ‘दीक्षा’ मंचावरील व्हिडिओंकडे नेतात. त्यांतले बरेच सलग पाहण्याजोगे असल्याने थांबा शिक्षकालाच घालावा लागतो. वर्गात एकाच पडद्यावर पाठ दाखवून शिक्षकाने तो थांबवला आणि मुलांनी पाटीवर उत्तर लिहून उंच धरले, तरी पद्धत पूर्णपणे पाळली जाते.

मर्यादाही आहेत. बहुपर्यायी प्रश्नावर अंदाजाने टिचकी मारून पुढे जाता येते. प्रत्येक मिनिटाला प्रश्न आला तर विषयाचा धागा तुटतो. पुढे सरकवण्याची सोय बंद केली की आधीच जाणणारा विद्यार्थी कंटाळतो. उत्तरांची नोंद हजेरीसाठी वापरू लागल्यास मुले एकमेकांची उत्तरे उतरवतात, आणि कोणता गैरसमज किती जणांत आहे ही शिक्षकाच्या खऱ्या उपयोगाची माहिती दूषित होते. नोंद नीट वाचली गेली, तर पुढच्या तासिकेची सुरुवात सर्वाधिक चुकलेल्या पर्यायापासून करता येते. त्यासाठी शिक्षकाला पाठ तयार करण्याइतकाच वेळ उत्तरे वाचायला मिळावा लागतो, आणि बहुतेक वेळापत्रकांत तो धरलेला नसतो.